बाळ नीट पीत नाही आणि सारखं रडतं: सुरुवात कुठून करायची

रडणारं बाळ मांडीवर असताना लांबलचक वाचायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. "नीट पीत नाही" आणि "सारखं रडतं" हे आपण एका दमात बोलून जातो, पण त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घर डोक्यावर घेणारी कित्येक बाळं पोटभर पीत असतात. उलट ज्याच्या पोटात खरोखर कमी दूध जातंय, ते बाळ कधी कधी रडतच नाही. नुसतं झोपून राहतं आणि घरचे कौतुक करतात, किती गुणी आहे म्हणून. तेव्हा रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधायचा नाही. दूध पोटात जातंय का, हे लंगोट आणि वजनकाटा सांगतो. तो हिशेब आधी लावायचा, रडण्याकडे नंतर वळायचं.

खालचं सगळं पहिल्या तीन-चार महिन्यांच्या बाळाबद्दल आहे.

हे दिसलं तर वाचत बसू नका

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरेनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं किंवा कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर पडणं, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, पहिले काही दिवस सोडून पुढे आठ तासांत एकदाही शू नाही, हातपाय सैल सोडून निपचित पडणं, झटके येणं. यातलं एकही दिसलं तर वेळ कुठलीही असो, बाळाला दवाखान्यात न्यायचं.

आणखी तीन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. कालपर्यंत छान पिणाऱ्या तान्ह्या बाळानं आज अचानक तोंड फिरवलं, लागोपाठ दोन-तीन वेळा प्यायलंच नाही, तर तो जंतुसंसर्गाचा पहिला इशारा असू शकतो. ताप असेलच असं नाही. दुसरी, बाळ पिताना दमतं, कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन धापा टाकत सोडून देतं. या वयात दूध पिणं हाच बाळाचा जिना चढण्याइतका व्यायाम असतो, त्यामुळे हृदयाचा त्रास असला तर तो पहिल्यांदा इथे दिसतो. तिसरी, साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला पाजल्यावर प्रत्येक वेळी लांब उडणारी उलटी होते आणि लगेच ते पुन्हा भुकेलं होतं. जठराचं तोंड अरुंद झाल्यामुळे असं होतं आणि त्यावर छोटी शस्त्रक्रिया लागते. "बाहेर टाकणारी बाळं असतातच" म्हणून हे सोडून देऊ नका.

पायरी १: दूध जातंय का, ते मोजा

पहिल्या काही दिवसांत शूचा हिशेब सोपा आहे: पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त भिजलेले लंगोट. डिस्पोजेबल डायपर वापरत असाल तर ओलं झालंय की नाही हेच कळत नाही. कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा, शू झालेला डायपर एवढा तरी जड लागला पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत लंगोटावर विटकरी, नारिंगी डाग दिसले तर घाबरू नका. पण त्यानंतरही दिसत राहिले तर दूध कमी जातंय असं समजा.

शी सुरुवातीला काळी, चिकट, मग हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही ती काळीच असेल तर बाळाला दाखवून आणा. पुढे सहा आठवड्यांनंतर अंगावर पिणारी बाळं कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाहीत. झाली की मऊ होत असेल आणि बाळ खुशीत असेल तर तिथे काही करायचं नसतं.

आता वजन. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन उतरतंच. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर ते नेहमीचं. १० टक्क्यांच्या जवळ गेलं तर पाजणं कसं चाललंय हे कुणा जाणत्या माणसानं समोर बसून बघायला हवं. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यावं आणि पुढचे तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. काटा एकच ठेवा आणि बाळाला उघडं करून वजन करा. मात्र रोज वजन करू नका. एका शीनं किंवा एका पाजण्यानं आकडा इतका हलतो की आईचा जीव उगाच टांगणीला लागतो. काळजी असेल तर आठवड्यातून एकदा पुरे, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

शू भरपूर, शी पिवळी, वजन चढतंय? मग दूध पुरतंय. स्तन मऊ लागतात, पंपानं थोडंच निघतं, बाळ तासाभरात पुन्हा मागतं, यातलं काहीही "दूध कमी आहे" याचा पुरावा नाही. असं असेल तर पुढच्या दोन पायऱ्या नुसत्या नजरेखालून घाला आणि चौथीवर या.

पायरी २: पाजण्याची पद्धत तपासा

वजन चढत नसेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. त्यामुळे या पायरीला वेळ द्या.

बाळ रडायला लागल्यावर पाजायला घेणं म्हणजे उशीर. भुकेची सुरुवात शांत असते: डोकं इकडेतिकडे वळवणं, जीभ बाहेर काढणं, मूठ तोंडात घालणं. रडणाऱ्या बाळाची जीभ वर टाळ्याला चिकटलेली असते, त्याला स्तन तोंडात नीट घेताच येत नाही. आधी छातीशी धरून शांत करा, मग पाजा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे तान्ह्या बाळाचं नेहमीचं प्रमाण आहे. जन्माचं वजन परत येईपर्यंत बाळ झोपलं असलं तरी तीन तासांच्या वर जाऊ देऊ नका, उठवून पाजा.

पकड अशी बघा. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागत असेल तर बाळाला गिळता येत नाही. स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघा. स्तनाग्र बाळाच्या तोंडासमोर न धरता नाकासमोर धरा. ते वरच्या ओठाला लागलं की बाळ डोकं मागे टाकून जांभईसारखं मोठं तोंड उघडतं. तो क्षण एखाद्या सेकंदाचा असतो. तेव्हा स्तन पुढे न ढकलता बाळाला जवळ ओढा, हनुवटी आधी टेकू द्या. डोक्यामागे हात ठेवून दाबू नका. तसं केलं की बाळ उलट मागे ताणतं आणि आईला वाटतं, याला माझं दूध नको आहे. हात मानेच्या खाली, खांद्यांना आधार देत ठेवा.

पकड जमली की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी स्तनात रुतलेली असते, नाक मोकळं राहतं आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. सुरुवातीला भराभर चुटूचुटू, मग संथ, खोल ओढणं. हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. तो थांबा म्हणजे तोंडभर दूध. नुसतीच चुटूचुटू चालली असेल आणि थांबा दिसत नसेल तर अर्धा तास पाजूनही पोटात फारसं काही जात नाही. गालांना खळ्या पडणं, टकटक आवाज येणं, आणि सोडल्यावर स्तनाग्र चपटं किंवा तिरकं झालेलं दिसणं या वरवरच्या पकडीच्या खुणा. दुखत असेल तर सोसत बसू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा लागलं तरी चालेल.

पिता पिता झोपणाऱ्या बाळाला उघडं करून छातीच्या त्वचेशी धरा. ओढणं मंदावलं की स्तन तळहातानं हलके दाबा, दुधाची धार आली की ते पुन्हा गिळायला लागतं. तेवढ्यानंही भागलं नाही तर बाजू बदला, वाटल्यास पुन्हा पहिल्या बाजूला या.

पायरी ३: तरीही तोंड फिरवत असेल तर

बाळ कधी आणि कसं सोडतं ते बघा, त्यातच उत्तर असतं.

सुरुवातीलाच ठसका लागतो, खोकत सोडतं, तोंडातून दूध ओघळतं: धार जोरात आहे. मागे रेलून बसा आणि बाळाला वर पालथं घेऊन पाजा, किंवा पहिली धार कपड्यात जाऊ द्या. दोन-चार मिनिटं पिऊन चिडून ताणतं: धार मंदावली आहे, स्तन दाबा, बाजू बदला. ओढताना श्वासासाठी सारखं सोडतं: नाक चोंदलंय. बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात, पाजण्याआधी सलाइनचे थेंब टाकले की फरक पडतो. जिभेवर, गालाच्या आत पुसून न जाणारे पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे. औषध बाळाच्या तोंडात आणि आईच्या स्तनाग्राला दोन्हीकडे लागतं, नाहीतर ती परत येत राहते. एका कुशीवर पितं आणि दुसऱ्या कुशीवर किंचाळतं: मान किंवा खांदा दुखत असेल, कान दुखत असेल, दाखवून घ्या. जीभ खालच्या हिरडीपुढे येतच नसेल तर जिभेखालचा पडदा आखूड असू शकतो, पण तो दिसला की कापायचाच असं नाही. आधी पिणं प्रत्यक्ष बघून ठरवावं.

स्तन दिसला की रडणाऱ्या बाळावर जबरदस्ती करू नका. छातीशी उघडं धरून नुसतं पडून राहा, आणि ते अर्धवट झोपेत असताना पाजून बघा. तोवर दूध काढत राहा, नाहीतर मागणी घटली म्हणून ते खरोखरच कमी होईल.

वजनच वाढत नसेल तर वरून पाजावं लागतं, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. आधी बाळाचं पोट भरायचं. मग जेवढ्या वेळा बाळ प्यायलं असतं तेवढ्या वेळा, रात्रीची एखादी वेळ धरून, दूध काढायचं. पकड सुधारण्याचं काम सोबत चालू ठेवायचं. काढलेलं दूध आधी, ते पुरलं नाही तर फॉर्म्युला (बाळांसाठीचं पावडरचं दूध). किती, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. खोली खूप गरम असेल तर चार तासांची वाट पाहू नका.

फॉर्म्युला बनवताना पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात पावडर घालायची, डब्यातलाच चमचा सपाट भरून, डब्यावर लिहिलेल्या मापानं. मग निववून पाजायचं. पचायला हलकं व्हावं म्हणून त्यात जास्त पाणी घालणं धोक्याचं आहे. बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. बाटली आडवी धरा, बाळाला जवळजवळ बसतं ठेवा, मध्ये मध्ये बाटली खाली करून दम घेऊ द्या. उरलेलं टाकून द्या.

पायरी ४: दूध पुरतंय, तरी रडतं

अंगावरचे सगळे कपडे काढून, चांगल्या उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत बघा. हे मी आवर्जून सांगते, कारण घाईत कुणी करत नाही. प्रसूतीनंतर आईचे केस गळतात आणि एखादा लांब केस मोज्यात, लंगोटात जाऊन बाळाच्या बोटाला, कधी शिश्नाला गुंडाळला जातो. बोट सुजून लाल-निळं होतं आणि केस सुजेत इतका रुतलेला असतो की डोळ्याला दिसतच नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून बघा. निघत नसेल तर खरवडत न बसता दवाखान्यात न्या. जांघेत घट्ट गाठ, दुखरा वृषण, डोळा सतत मिटून पाणी गाळणं हेही याच तपासणीत कळतं.

अंगावर काही नसेल तर झोपेचा हिशेब करा. दीड-दोन महिन्यांचं बाळ तास-दीड तास जागं राहिलं की थकतं. त्यापुढे आपण खेळवत राहिलो तर ते रडून रडून झोपही घालवतं. पुष्कळदा "पोट दुखतंय" म्हणून ज्याला औषध चालू असतं, त्याला फक्त अंधारी, शांत खोली हवी असते.

रडण्याचा एक ठरलेला आलेखही असतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून दाखवलं की निरोगी बाळंही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला सुमारे पावणेतीन तास रडतात, आणि पुढे ते ओसरतं. रडण्याची वेळ बहुधा संध्याकाळची. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त रडणाऱ्या निरोगी बाळाला कोलिक म्हणण्याची पद्धत बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांच्या १९५४ च्या मोजपट्टीपासून आली. नेमकं कारण आजही हाती लागलेलं नाही. पाय पोटाशी घेणं, वारा सरणं हे रडताना हवा गिळल्यामुळेही होतं, त्यावरून गॅसलाच दोष देता येत नाही. तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं थांबतं.

शांत करायला एकच उपाय निवडा आणि तो निदान पाच मिनिटं करा. दर अर्ध्या मिनिटाला खांदा, मांडी, झोळी, खुळखुळा असं बदलत गेलं की बाळ आणखी बिथरतं. संशोधक कुमी कुरोदा यांच्या जपानमधल्या गटानं २०२२ मध्ये मांडलेली पद्धत करून बघण्यासारखी आहे: बाळाला छातीशी धरून पाच मिनिटं न थांबता, झटके न देता चाला, झोपलं की लगेच खाली ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं कडेवर तसंच घेऊन बसा, मग ठेवा. याशिवाय लयीत थोपटणं, कोमट पाण्याची अंघोळ, पंख्यासारखा एकसुरी आवाज (हळू आणि दूरवरून) हे चालतं. गुंडाळणार असाल तर छातीकडे घट्ट, कमरेखाली सैल, आणि झोपवायचं पाठीवरच. बाळ कुशीवर वळू लागलं की गुंडाळणं बंद.

दूध बाहेर टाकणं जवळपास निम्म्या बाळांत असतं. वजन वाढत असेल आणि बाळ एरवी मजेत असेल तर तिथे उपचार कपडे धुण्याचाच. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरा. गादीखाली उशा लावून डोकं उंच करू नका, बाळ घसरून मान दुमडते. मात्र शीमध्ये रक्ताचे धागे, सोबत अंगावर खरखरीत पुरळ, पिताना मागे ताणून रडणं हे सगळं एकत्र दिसलं तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघावेत. फरक पडला तर पुन्हा सुरू करून खात्री करावी. "हे खाऊ नकोस, ते खाऊ नकोस" म्हणत आईचं ताटच रिकामं करायचं, याला माझा साफ विरोध आहे.

काय देऊ नये

सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, साखरपाणी नाही. वर्षाच्या आत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंमुळे लकव्यासारखा आजार होतो. डायसायक्लोमीन असलेलं पोटदुखीचं औषध सहा महिन्यांच्या आत देऊ नये, श्वास बंद पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, तेव्हा घरात उरलेली बाटली लेबल वाचल्याशिवाय उघडू नका. सिमेथिकोनच्या (गॅसवर देतात त्या) थेंबांनी सहसा अपाय होत नाही, पण अभ्यासांत ते साध्या पाण्याहून सरस ठरलेले नाहीत. लॅक्टोबॅसिलस रुटेरी या उपयुक्त जिवाणूंचे थेंब अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं रडणं थोडं कमी करतात. हवे असतील तर डॉक्टरांना विचारून द्या.

पायरी ५: सांभाळणाऱ्याचं काय

तासभर रडणं ऐकलं की कुणाच्याही हाताला कंप सुटतो आणि नको ते विचार मनात येतात. त्या क्षणी बाळाला पाठीवर, रिकाम्या, सुरक्षित जागी ठेवा, दार लोटा आणि दहा मिनिटं बाहेर जा. तेवढ्या रडण्यानं बाळाला काही होत नाही. गदगदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. जो कुणी बाळाला सांभाळणार आहे, त्या प्रत्येकाला हे आधीच, शांत वेळी सांगून ठेवा.

रात्रीच्या पाळ्या लावून घ्या. "लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला नऊ ते एक अशी ठरलेली वेळ द्या. आईला सलग चार तास झोप मिळाली की अर्धी किरकिर सोसण्यासारखी होते. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, जीव घाबरणं बहुतेकींना होतं. ते त्यापुढेही टिकलं, किंवा बाळ झोपलं असतानाही झोप येत नसेल, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबर्ग प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे, डॉक्टरांकडे मागून भरा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर प्रश्नावलीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून डॉक्टर गाठा. वडिलांनाही नैराश्य येतं, त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता पाजलं, शू-शी किती, रडण्याच्या वेळा. सोबत आतापर्यंतच्या वजनांचा कागद. मोबाइलवर दोन व्हिडिओ घ्या, एक पितानाचा आणि एक रडतानाचा, कारण तपासणीच्या टेबलावर बाळ हमखास गाढ झोपलेलं असतं. तिथेच एकदा पाजून दाखवा, पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन करायला सांगा; एका वेळी किती दूध जातं याचा अंदाज येतो. लघवीची तपासणी करायची गरज आहे का तेही विचारा, लघवीतला जंतुसंसर्ग या वयात नुसत्या किरकिरीनं आणि कमी पिण्यानं दिसू शकतो. आणि "काही नाही, सगळं ठीक आहे" असं ऐकून उठण्याआधी पुढचं वजन कोणत्या तारखेला करायचं आणि ते किती भरलं नाही तर परत यायचं, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या.